गढी, बाजार आणि आपला कट्टा

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादक मंडळाचा निरोप आला, "बाई, तुम्ही काहीतरी लिहाच." आयुष्यभर मी शाळेत गणित शिकवलं. गणिताच्या बाईंनी लिहायचं तरी काय? सुरुवातीच्या दिवसांच्या आठवणी, बोअरला पाणी लागलं तो दिवस, पहिला गणेशोत्सव, हे सगळं इतर सभासद लिहिणार आहेतच. म्हणून मी विषय घेतला आपल्या गावाचा, यावलचा. त्यातली एक गोष्ट थेट आपल्या सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत येऊन पोचते आणि तिच्यात माझाही हात आहे. ती शेवटी सांगते.

आधी थोडं आपल्याबद्दल. आपल्या सोसायटीत मूळचे यावलकर निम्मेसुद्धा नसतील. कोणी शाळेच्या नोकरीसाठी आलं, कोणी बँकेतल्या बदलीमुळे, कोणाची शेती सातपुड्याच्या पायथ्याशी आणि घर मात्र मुलांच्या शिक्षणासाठी गावात. मी स्वतः लग्न होऊन आले ती धुळ्याकडून. माहेरी अहिराणी, इथे लेवा बोली. सासूबाई "कुठी चालली व माय?" असं विचारायच्या तेव्हा पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. पुढे तीच भाषा तोंडात बसली. पण भाषा आली म्हणजे गाव कळलं असं नाही. तीसेक वर्षं मी या गावात राहिले, भाजी घेतली, लग्नं जेवले, शेकडो मुलांना त्रैराशिक शिकवलं, आणि गढीत मात्र एकदाही पाऊल टाकलं नव्हतं.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मुलांची सहल काढायचं निघालं. कोणी म्हणालं अजिंठा, कोणी बुऱ्हाणपूर, कोणी असीरगड. गाडीभाड्याचा हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांचेच चेहरे उतरले. मग मीच म्हटलं, "एक रुपया खर्च न करता आपलंच गाव पाहू." सगळे हसले. "यावलात काय पाहायचं?" हा प्रश्न मोठ्यांनीच विचारला, मुलांनी नाही.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी सकाळी सात वाजता सोळा मुलं, पाच आया, दोन आजोबा आणि मी असे कट्ट्याजवळ जमलो आणि चालत निघालो.

गाव इथेच का वसलं?

वाटेत मुलांना आधी गावाची जागा समजावून सांगितली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधली ही काळ्या जमिनीची पट्टी. डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्या ही पट्टी ओलांडून तापीला मिळतात. जमीन आहे, पाणी आहे, डोंगराचा माल उतरायला पायथा आहे. भुसावळहून येताना तापीचा पूल ओलांडला की अकलूदला रस्ता फुटतो, एक फैजपूरकडे जातो आणि दुसरा अंजाळ्यावरून यावलला येतो. आज आपण भुसावळहून येणारी वाट म्हणजेच गावाची वाट समजतो. पण रेल्वे येण्याआधी मोठं शहर म्हणजे बुऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांनी आधी थाळनेर आणि मग बुऱ्हाणपुरातून दोनशे वर्षांहून जास्त काळ खानदेशावर राज्य केलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला. शेजारचं सावदा निजामाने १७६३ मध्ये पेशव्यांना दिलं आणि पुढे ते सरदार रास्त्यांकडे गेलं. यावल शिंद्यांकडे होतं.

व्यास महाराजांचं मंदिर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गुरुपौर्णिमेला तिथे होणारी गर्दी आपण दरवर्षी पाहतो. महर्षी व्यासांची मंदिरं देशात फार थोडी आहेत आणि त्यातलं एक आपल्याकडे आहे. हडकाई-खडकाईच्या काठी उभं राहून मुलांनी नमस्कार केला आणि पुढे आम्ही गढीकडे वळलो.

राजे निंबाळकरांची गढी

मुलांमध्ये गढीची कीर्ती दोनच गोष्टींसाठी होती. एक तर तिथे साप आहेत आणि दुसरं म्हणजे तिथे चेंडू गेला की परत मिळत नाही. त्यामुळे चढ चढताना एरवी पुढे पळणारी मंडळीसुद्धा माझा पदर धरून चालत होती.

वेड्या बाभळींतून वाट काढत आत गेलो. पडकी भिंत, बुरुजांचे उभे राहिलेले भाग, खाली घडवलेले दगड आणि वरचं विटा-मातीचं काम पावसाने धुऊन गेलेलं. पहिल्या नजरेला हा मातीचा ढीगच वाटतो. पण थोडा वेळ शांत उभं राहिलं की भिंतीची रेषा डोळ्यांपुढे येते आणि बांधणाऱ्याने नदीचा काठ का निवडला तेही कळतं. एका अंगाला नदी असली की तेवढ्या बाजूची राखण कमी करावी लागते.

ही गढी बांधली निंबाळकरांनी. १७८८ च्या सुमारास शिंद्यांनी यावल धारराव निंबाळकरांना दिलं. पाटीलबाबा महादजी शिंद्यांचा तो काळ. सरदाराने फौज ठेवायची आणि त्या फौजेच्या खर्चासाठी त्याला गावं लावून द्यायची, अशी तेव्हाची रीत होती. फौज ठेवायची म्हणजे जागा लागते, कोठार लागतं, पाणी लागतं आणि भोवती तट लागतो. त्या गरजेतून गढी उभी राहते.

पण तटाच्या आत असणाऱ्यांना जो आधार मिळतो तो बाहेरच्या रयतेला मिळतोच असं नाही. पुढची तीस वर्षं खानदेशाला फार वाईट गेली. होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला आणि १८०३-०४ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावंच्या गावं उठून गेली. निंबाळकरांजवळ कर्नाटकी शिपायांची पलटण होती आणि तिचाही त्रास आसपासच्या मुलखाने सोसला. गढी पाहून मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच तलवारी आणि घोडे उभे राहतात. त्यांचं वयच तसं आहे. पण मी त्यांना म्हटलं, आपण त्या काळी असतो तर बहुतेक तटाच्या आत नसतो, बाहेर असतो. डोक्यावर गाठोडं घेऊन आज कुठे जायचं या विचारात असतो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याकडे आला. यावलला तेव्हा सूर्याजीराव निंबाळकर होते. १८२१ मध्ये यावल इंग्रजांच्या हाती गेलं. गोष्ट तिथे संपत नाही. १८३७ मध्ये इंग्रजांनी यावल परत शिंद्यांना दिलं आणि १८४३ मध्ये पुन्हा आपल्याकडे घेतलं.

गणिताची बाई असल्यामुळे मी मुलांना लगेच वजाबाकी घातली. १८४३ मधून १७८८ वजा केले की राहतात ५५. पंचावन्न वर्षांत यावल चार वेळा या हातातून त्या हातात गेलं. चारही वेळा व्यवहार झाला तो दूरच्या दरबारात, कागदावर. इथे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारलं नाही. त्याला एवढंच कळायचं की या वर्षी सारा दुसऱ्याच माणसाला द्यायचा आहे.

कागद आणि नीळ

आता गंमत पाहा. ज्या गावाची देवघेव कागदावर झाली, ते गाव स्वतः कागद बनवण्यासाठी प्रसिद्ध होतं. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये यावलची ओळख दोन मालांवरून दिली आहे, देशी जाडा कागद आणि नीळ. ही ओळख आज गावातल्या किती जणांना असेल? मलाही ती निवृत्तीनंतर वाचनालयात बसायला लागले तेव्हाच झाली.

हाताने कागद करण्याची रीत सांगण्यासारखी आहे. जुनी गोणपाटं, दोरखंड, चिंध्या गोळा करायच्या. त्यांचे तुकडे चुन्याच्या पाण्यात दिवसेंदिवस भिजत ठेवायचे. मग पायाने दाबायच्या लाकडी घणाखाली कुटून कुटून लगदा करायचा. तो नदीवर नेऊन धुवायचा, पुन्हा कुटायचा, पुन्हा धुवायचा. शेवटी तो हौदातल्या पाण्यात मिसळायचा आणि गवताच्या काड्यांची चटई लावलेला साचा त्यात बुडवून अलगद वर उचलायचा. पाणी गळून जातं आणि चटईवर लगद्याचा पातळ थर राहतो. तोच कागद. तो दाबून पाणी काढायचं, भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. हे काम करणाऱ्यांना कागदी म्हणत. दौलताबादजवळ कागजीपुरा, पुणे जिल्ह्यात जुन्नर, आपल्याच जिल्ह्यात एरंडोल, ही या धंद्याची नावाजलेली ठिकाणं. यावल त्याच पंगतीतलं. ज्या कागदांवर मोडी लिपीतल्या चोपड्या, रोजकीर्दी आणि खतं लिहिली गेली, तो कागद अशा गावांतल्या नद्यांच्या पाण्यात धुतला गेला.

निळीचं कामही पाण्याचंच. निळीच्या झाडाचा पाला हौदात भिजवून आंबवायचा. ते पाणी दुसऱ्या हौदात सोडून जोरजोरात घुसळायचं. हवा लागली की हिरवट पाणी निळं व्हायला लागतं आणि तळाशी निळा गाळ बसतो. तो गाळून, दाबून, वाळवून वड्या करायच्या. शेजारच्या फैजपूरला कापडाची छपाई आणि निळ्या-तांबड्या रंगाईचा धंदा होता. म्हणजे रंग इथे व्हायचा आणि कापडही जवळच रंगायचं. गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हा कागद करणारे थोडे उरले होते आणि निळीचं काम पूर्ण बंद पडलं होतं. गिरणीचा कागद स्वस्त मिळू लागला की हातकागद कोण घेणार?

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गढी पडली तरी तिचा ढीग तरी दिसतो. कागद्याच्या हौदाचा, निळीच्या कुंडाचा मागमूसही मुलांना दाखवता आला नाही. राजाची भिंत पडायला दोनशे वर्षं लागतात. कारागिराची भिंत त्याच्या नातवापर्यंतही टिकत नाही.

पावलं आणि साखळी

गढीत मी मुलांना एक काम दिलं होतं. एका बाजूची लांबी पावलांनी मोजायची. सोळा मुलांचे सोळा आकडे आले आणि मोठी भांडणं झाली. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या शेताची मोजणी अशी कोणी केली आणि त्यावर सारा बसवला तर चालेल का?

त्यावरून १८५२ सालची गोष्ट निघाली. ती आपल्या तालुक्याची असून आपल्याला माहीत नाही.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली ती १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागातून. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. मोजणीला लोखंडी साखळी असे, ३३ फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आपण प्लॉट घेताना "किती गुंठे?" विचारतो तो हाच गुंठा.

ही साखळी १८५२ मध्ये आपल्या भागात आली. लोकांना भीती वाटली की मोजणी म्हणजे साऱ्याची वाढ. अनुभवच तसा होता, नवा मालक आला की नवा वसूल. सावदा, फैजपूर, यावल, चोपडा या सगळ्या पट्ट्यातले शेतकरी एकत्र आले आणि मोजणीला विरोध केला. यावलला मोजणी अधिकाऱ्याच्या तंबूभोवती मोठा जमाव जमला आणि काम थांबवा म्हणून आरडाओरडा झाला. सावद्याला तर दहा ते पंधरा हजार लोक गोळा झाल्याची नोंद आहे. तेव्हा ना मोटार, ना तार, ना भोंगा. एवढी माणसं निरोपानिरोपीनेच आली असतील. शेवटी फौज आली, पुढाऱ्यांना पकडलं, लोक पांगले आणि साखळी पुढे सरकली.

म्हणजे हरलेच ना, असं एका मुलाने विचारलं. हो, हरले. पण चार वेळा ज्यांना कोणी विचारलं नव्हतं, ते पाचव्या वेळी स्वतःहून बोलले. आणि पुढे ८४ वर्षांनी, २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला, आपल्याच तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेडेगावात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. खिरोद्याच्या धनाजी नाना चौधरींनी पुढाकार घेतला आणि शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी इथल्याच बांबू-बल्ल्यांतून सारी सजावट उभी केली. ज्या पट्ट्यातून लोकांना फौज लावून पांगवलं होतं, तिथे देशभरातून लोक आपल्या पायांनी आले. फैजपूरचं अधिवेशन शाळेच्या पुस्तकात आहे. १८५२ चा जमाव पुस्तकात नाही. म्हणून इथे लिहिला.

आणखी एक गोष्ट. ज्या साखळीला लोक घाबरले, तिच्यामुळेच पुढे शेताला नंबर मिळाला, शेतकऱ्याचं नाव त्या नंबरापुढे लागलं आणि आज आपल्या सोसायटीच्या जमिनीचा सातबारा काढता येतो. आपली पंचवीस वर्षं त्या मोजणीवर उभी आहेत. इतिहासात सगळी पारडी एकाच बाजूला झुकत नाहीत, हे मुलांना एवढ्यात कळणार नाही. मोठ्यांना कळायला हवं.

बाजार

दहा वाजले आणि इतिहास पुरे झाला. सगळ्यांना भूक लागली होती. तिथून सरळ बाजारात.

बाजारात शिरलं की गढीतली शांतता कानातून निघून जाते. भरताच्या वांग्यांचे ढीग, हिरवट पांढरी, हाताएवढी मोठी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोन्हींना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन नव्हतं तेव्हाही इथली बाई वांगं हातात घेऊन, हलकं आहे की जड ते पाहूनच घ्यायची. हलकं वांगं चांगलं, त्यात बिया कमी. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, कांद्याची पात आणि कळण्याची भाकर. यासाठी माझ्या माहेरची माणसं माघात अट्रावलच्या मुंजोबाच्या यात्रेचं निमित्त काढून मुद्दाम मुक्कामाला येतात.

एका बाजूला दादर ज्वारीची पोती, एका बाजूला लाल मिरची. कोपऱ्यात सातपुड्यातून उतरलेल्या पावरा बाया चारोळी आणि डिंक घेऊन बसलेल्या, शेजारी पायथ्याच्या गावांतली तडवी मंडळी. बोलणं चार बोलींत चाललेलं. लेवा बोली, अहिराणी, पावरी आणि हिंदी. भाव मात्र सगळ्यांना सगळ्या बोलींत कळतो. मुलांना मी दहा-दहा रुपये दिले आणि सांगितलं, घासाघीस करून काहीतरी आणा. एकाने दहा रुपयांची बोरं आणली आणि वर मूठभर जास्त. ती मूठ त्याने "मावशी, आम्ही सहलीला आलोय" असं सांगून मिळवली. "कुठून आले रे भाऊ?" "यावलहून." मावशी पोट धरून हसली.

मला त्या गर्दीत उभं राहून वाटलं की या गावाचा खरा जुना वाडा हाच. निंबाळकर गेले, शिंदे गेले, इंग्रज गेले. कागद गेला, नीळ गेली. त्यांच्या जागी कापूस आला, केळी आली. मालक बदलले, माल बदलला, पण डोंगरातल्या माणसाने पायथ्याला उतरायचं, काळ्या जमिनीतल्या माणसाने त्याला भेटायचं आणि दोघांनी देवघेव करायची, हे थांबलं नाही. गढीला राखणदार लागतात. बाजाराला राखणदार नव्हता, तरी तो राहिला, कारण त्याची गरज रोजची आहे. गढीची गरज संपली आणि तिथेच तिचं दुर्दैव सुरू झालं.

लोकायच्या घरात

आता ती शेवटी सांगते म्हटलेली गोष्ट.

गढीत असताना शेळ्या चारणारे एक आजोबा भेटले. एवढी पोरं पाहून त्यांनाही नवल वाटलं. "काहून बाई, अठी काय पाह्याले आणलं पोरायले? दगळं?"

मी म्हटलं, "हो बाबा, दगडंच पाहायला आलोय."

ते म्हणाले, "आमी लहान होतो तवा ही भीत लय उच्ची होती."

"मग कुठी गेली?"

"कुठी जाईन? लोकायच्या घरात गेली."

मी हसले. त्याच वेळी माझी नात एका पडलेल्या दगडाजवळ बसली होती. दगडावर टाकीच्या तिरप्या रेघा होत्या आणि एका कडेला चौकोनी खोबण. ती सहज म्हणाली, "आजी, असाच दगड आपल्या कट्ट्याला आहे. खोबणीत आम्ही गोट्या ठेवतो."

माझं हसू तिथेच थांबलं.

जुन्या सभासदांना आठवत असेल. सोसायटी नवी होती, पैशाची ओढाताण होती. बोअरजवळ बसायला कट्टा हवा होता. तेव्हा कोणीतरी सांगितलं, नदीकडे पडीक दगड आहेत, ट्रॉलीभर आणून टाकतो, फक्त डिझेल द्या. दगड आले. चांगले घडवलेले, सरळ कडांचे. ते कुठले, हे कोणी विचारलं नाही. मी तेव्हा व्यवस्थापक समितीत होते आणि इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. घरी आल्यावर जुनी वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलंय: "कट्ट्यासाठी दगड विनामूल्य उपलब्ध झाले. खर्चात बचत झाली. समितीने समाधान व्यक्त केले."

समाधान व्यक्त केले! गणिताच्या बाईने बचतीचा हिशेब बरोबर मांडला आणि दुसऱ्या बाजूला काय वजा झालं ते लिहिलंच नाही.

मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. गढी काही एका दिवसात पडली नाही आणि एका ट्रॉलीने पडली नाही. गावोगावच्या गढ्यांचं असंच झालं. माणसाला घर हवं असतं, दगड समोर पडलेला असतो, आणि तो कोणाचा हे सांगायला मालक उरलेला नसतो. गंमत अशी की ज्या रयतेला त्या तटाने कधी आत घेतलं नाही, तिच्याच पिढ्यांनी तट उचलून आपल्या पायरीला लावला. यात एक प्रकारचा न्यायही आहे, असं आमचे एक आजोबा म्हणाले. असेल. पण न्याय झाला तरी नोंद हवी. यावलच्या कागदाची आणि निळीची नोंद गावाने ठेवली नाही, परक्यांनी ठेवली, म्हणून ती निदान वाचायला मिळाली. आपल्या दगडांची नोंद आपणच ठेवली नाही तर ती कोण ठेवणार?

कट्टा फोडून दगड परत नेऊन टाकावेत असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षांत त्या कट्ट्यावर पापड वाळले, पोरं अभ्यासाला बसली, दोन लग्नं जमली आणि कित्येक भांडणं मिटली. तो दगड आता आपलाही झाला आहे. पण आपला झाला म्हणून त्याचं आधीचं गाव पुसायचं नसतं. हे आम्हा लग्न करून आलेल्या बायकांना चांगलं कळतं.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सर्वसाधारण सभेत मी एक ठराव मांडणार आहे. सभासदांनी आधीच वाचावा म्हणून इथे देते.

"सोसायटीच्या आवारातील दगडी कट्ट्यास वापरलेले दगड यावल येथील राजे निंबाळकर यांच्या गढीच्या दगडांसारखे असून ते नदीकडून आणलेले आहेत. ते आणताना चौकशी केली नाही, याची ही सभा नोंद घेते. कट्ट्यावर तशी लहान पाटी लावावी. यापुढे सोसायटीच्या कोणत्याही कामासाठी गढीचा दगड, वीट वा माती आणू नये. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतील मुलांना गढी, व्यास मंदिर आणि बाजार दाखवावा, आणि त्या दिवशी गढीतील कचरा गोळा करावा."

सूचक म्हणून माझं नाव आहेच. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे. माझी नात सही करायला तयार आहे, पण ती सभासद नाही आणि वयानेही बसत नाही. तेव्हा कोणीतरी मोठ्याने पुढे यावं.

सर्व सभासद बंधू-भगिनींना रौप्यमहोत्सवाच्या मनापासून शुभेच्छा. पुढची फेरी ठरली की फळ्यावर लिहीन. सकाळी सात वाजता कट्ट्यावर जमायचं. येताना पाण्याची बाटली, टोपी आणि दहा रुपये सुटे आणावेत.